ठिगळ

उदगीरच्या बंद तेलमिलच्या हापिसातून
तो टेम्पोत उताणा पडून आला.
चारी पाय वर.
खाजा म्हणाला, उस्ताद, ह्यो तर मेल्या म्हशीवानी आलाय.

तीन माणसांचा सोफा, काकवीच्या रंगाचा.
सागवानी पाय खाली निमुळते, चवड्यांवर उभे असल्यासारखे.
मागून गाडीनं पुण्याचे टिपणीस आले,
बसकणीवरून उलट्या बोटांनी हात फिरवत म्हणाले,
अठ्ठावन्न सालचा आहे. भेगा बुजवू नका हं,
भेगांचेच पैसे आहेत.

मी मान हलवली.
पस्तीस वर्षं लोकांच्या भेगा बुजवून पोट भरलं,
आता ह्या राखायच्या.

किंमत मी विचारली नाही.
त्यांनीच फोनवर कुणाला तरी सांगितली
तेव्हा तोंडातले खिळे
गिळता गिळता राहिले.

रात्री गोलाईतली शटरं पडल्यावर
त्याला उलटा केला, पोटाखालचं कापड उसवलं.
घोड्याचे केस. काथ्या. गंजून एकमेकींत अडकलेल्या स्प्रिंगा.
एक ढब्बू पैसा, अर्धी सुपारी,
करडईचा एक दाणा, अजून टणक.

मी शोधत होतो चामड्याची आतली बाजू.

इराप्पा आज्जा तरवडाच्या सालीत
कातडी महिना महिना मुरवायचा.
नखं लाल झाली ती तशीच मातीत गेली.
उदगीरच्या बाजाराला डोक्यावर गठ्ठा घेऊन जायचा, चालत.
म्हटलं, असेल. का नसावं?

नाक लावलं.
कड चाकूनं खरवडली. आत निळसर राखाडी.
क्रोम.
लांबच्या कुठल्या कारखान्यात
पिंपात गरागरा फिरवून एका दिवसात पिकवलेलं.
आज्जाचं नाही.
बरं वाटलं का वाईट
हे ठरायच्या आत लाईट गेली.

मोबाईलच्या उजेडात मग दिसलं,
डाव्या हाताखाली, जिथं साहेबाची मांडी घासत असेल तिथं,
पंजाएवढं ठिगळ.
जाड, काळपट, दोन सुयांचा टाका.
मोटेचं चामडं.
विहिरीवर इंजिन आलं, मोट खुंटीला गेली,
आणि कुणीतरी तिचा तुकडा कापून इथं लावला.
कोण, ते कळायला मार्ग नाही.
खाजा घरी गेला होता म्हणून
जिभेचं टोक लावून पाहिलं.
खारट. आणि फार मागून, तरवड.

सकाळी टिपणीस म्हणाले, हे काढून टाका,
ओरिजिनल नाहीये.
सांगणार होतो की साहेब, ह्या सबंध सोफ्यात
आमच्याकडचं म्हणावं असं एवढंच आहे.
पण तोंडात खिळे होते.
हूं, म्हणालो.

टाके सुटेनात. अकरा टाक्यांना दोन तास.
खाली बोटभर फाट,
आणि फाटीभोवती चामडं नवंकोरं, तकतकीत,
घड्याळ काढल्यावर मनगट दिसतं तसं.
टिपणीसांचा चेहरा पडला.
हे तर मॅच होत नाही, म्हणाले. ह्याला जुनं करा.

केलं. चहाचं पाणी, जवसाचं तेल, थोडी चुलीची राख,
तीन दिवस तळहातानं घासून
साठ वर्षं भरून दिली.
त्याचे वेगळे आठशे घेतले.

सोफा गेला. बसायला नाही, ठेवायला घेतलाय कुणीतरी.

ठिगळ रात्रभर तेलात होतं.
सकाळी गोल कापलं,
बोळातल्या हापशाचा दांडा उचकटून
जुन्या वायसरच्या जागी बसवलं.
सहा महिने नुसता हवा ओढत होता तो.

चौदा वेळा हाणला.
पंधराव्याला खोल कुठंतरी घसा खाकरल्यागत झालं.
पाणी नाही. आवाजच.

खाजा बादली घेऊन उभाच होता.
म्हणाला, उस्ताद, अजून हाणा.